मनातल्या मुलखाचे नकाशे

पृथ्वीच्या पाठीवर जो मुलूख कोठेच नाही, त्याचा नकाशा काढण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ घालविणारी तरुण मुले आज आमच्या कर्वेनगरात आहेत. संगणकाच्या पडद्यावर ती बेट उभे करतात, डोंगर बसवितात, नद्या सोडतात, राजधानीला नाव देतात. वडीलधाऱ्यांना हा रिकामा उद्योग वाटतो. आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे; कॉलेजचे शिक्षण आमच्या वाट्यास आले नाही, जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. या छंदाचा मागोवा घेता आम्हांस असे दिसून आले, की तो रिकामा नाही. नकाशा आजवर कोणाच्या हातात होता आणि आता कोणाच्या हातात येत आहे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. तोच आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत.

कल्पनेचा भूगोल आपल्याला नवा नाही. पुराणांत मध्यभागी मेरू, त्याभोवती जंबुद्वीप, मग एकामागून एक द्वीपे आणि समुद्र. एक खाऱ्या पाण्याचा, एक उसाच्या रसाचा, एक दुधाचा, एक दह्याचा. हा झाला पंडितांचा नकाशा. सामान्यांचा नकाशा म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगडविटा रचून, वर पोते अंथरून चिखल थापायचा, अळीव पेरून हिरवळ करायची, सिंहासनावर महाराज आणि पायथ्याशी मातीचे मावळे, गवळण, भाजीवाली मांडायची. कोणी सिंहगड हुबेहूब करतो. पण पुष्कळ किल्ले कोणत्याही नकाशात नसतात. तळे कोठे खणायचे, वाट कोणत्या अंगाने चढवायची, हे आठ-दहा वर्षांची पोरे आपसांत भांडून ठरवितात. संगणकावरचा छंद हा या किल्ल्याचाच धाकटा भाऊ होय.

मोजलेला नकाशा मात्र राज्यकर्त्यांच्या गरजेतून आला. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आरंभ 1767 सालचा, कंपनीच्या अमलातला. 1802 साली विल्यम लॅम्टन याने मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या महामोजणीला हात घातला. त्याचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांनी डोंगरांवर वाहून नेला. लॅम्टन 1823 साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथे आहे. ज्या खलाशांनी निशाणे धरली आणि जे जंगलातल्या तापाने मेले, त्यांच्या कबरींचा पत्ता कोण सांगणार? या मोजणीच्या कचेरीत आकडेमोड करणाऱ्या पगारी माणसाच्या हुद्द्यालाच 'कॉम्प्युटर' म्हणत. राधानाथ सिकदर हे बंगाली गणिती 1831 साली त्याच हुद्द्यावर लागले, आणि हिमालयाचे एक शिखर जगात सर्वांत उंच आहे हे पुढे त्यांच्या गणिताने ठरले. शिखराला नाव मात्र सेवानिवृत्त साहेबाचे मिळाले. आज टेबलावर जे यंत्र बसले आहे, त्याच्या नावाचा माणूस पूर्वी पगारी नोकर होता, हे आमच्यासारख्याने विसरू नये.

1835-36 च्या सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत बसविली. शंकुसाखळी शेतातून फिरली आणि शेताला नंबर व सारा मिळाला. नकाशा काढणारा एक, त्याप्रमाणे पैसे भरणारा दुसरा, अशी ही वाटणी झाली.

या वाटणीच्या बाहेर राहून नकाशा काढणारे लोक युरोपातही लेखकच होते. टॉमस मोर याच्या 1516 सालच्या 'युटोपिया' या ग्रंथात एका न झालेल्या बेटाचे चित्र छापले आहे. त्या बेटावर माणसे दिवसाला सहाच तास काम करतात. आपल्या कारखान्यांत आठवड्याचे 48 तास कायद्यात यायला 1946 साल उजाडावे लागले. तेव्हा कल्पनेतले बेट मागणीपत्राच्या किती आधी निघाले होते, हे पाहावे. पुढे स्टीव्हन्सनने 1881 साली सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता एका बेटाचा नकाशा रंगविला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मली. टोल्कीन यानेही आपली मोठी कथा नकाशाच्या आधाराने रचली. तिचे खंड 1954-55 मध्ये निघाले.

1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ निघाला. त्यात गडी मनातल्या मुलखात मोहिमा काढतात, त्यामुळे असे नकाशे घरोघर लागू लागले. 1993 साली 'कॅम्पेन कार्टोग्राफर' हा खास त्यासाठीचा संगणकीय कार्यक्रम आला. आज 'इन्कार्नेट', 'वंडरड्राफ्ट' अशी कितीतरी साधने आहेत, आणि 'अझगार' या नावाने ओळखले जाणारे एक तर फुकट मिळते. ते पडद्याचे हजारो बहुकोनी तुकडे करते, प्रत्येक तुकड्याला उंची देते, आणि पाणी उंच तुकड्यावरून सखल तुकड्यावर वाहवीत समुद्रापर्यंत नेते, तीच नदी. किनारा वाकडातिकडा का असावा, याचे गणित मँडेलब्रॉट याने 1967 साली मांडले होते: पट्टी जितकी बारीक घ्यावी तितका किनारा लांब भरतो. कोकणातल्या खाड्या पाहिलेल्यास हे पटवून द्यावे लागत नाही.

यंत्र काही सुचविते, पण विचार माणसालाच करावा लागतो. नदी डोंगर ओलांडत नाही. वारा ज्या बाजूने येतो तेथे पाऊस कोसळतो आणि पलीकडची बाजू कोरडी राहते; महाबळेश्वर आणि इंदापूर यांत हाच भेद आहे. राजधानी वसविली की तिला धान्य कोठून येईल, पाणी कोण आणील, हमाल आणि झाडूवाले कोठे राहतील, हे विचारावे लागते. आम्ही पाहिलेल्या नकाशांत राजवाडे पुष्कळ आणि कामगारवस्त्या थोड्या, ही आमची एक तक्रार आहे. मुलांना हे दाखविले तर ती वस्ती घालतात आणि मग घाटही घालतात.

कोणी म्हणेल, कल्पनेने काय होते? आपण बसलो आहोत ती जागा पाहा. 1900 साली येथे हिंगणे बुद्रुकचे माळरान होते. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर धोंडो केशव कर्वे यांनी एका झोपडीत अनाथ बालिकाश्रम आणला. विधवांचे शिक्षण ही गोष्ट तेव्हा कोणत्याही सरकारी नकाशात नव्हती. ती एका माणसाच्या मनात होती. 1916 साली याच हिंगण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले, आणि आज वस्तीला अण्णांचे नाव आहे. दुसरा दाखला संयुक्त महाराष्ट्राचा. 'मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणीसह' हा जो नकाशा लोकांनी मनात धरला, तो 1955 साली कोणाच्या दप्तरात नव्हता. त्यासाठी 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईचे कामगार संप करून रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसे पडली. 1 मे 1960 रोजी त्या नकाशाचा मोठा भाग खरा झाला. बेळगाव-कारवार बाहेर राहिले, आणि तो वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि मुठेने काठावरचे पुणे धुऊन नेले. आज त्याच नदीच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: निळी, पंचवीस वर्षांतल्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतल्या पुराची. घर राहील की जाईल, हे त्या रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला यावर ठरते. शहराचा विकास आराखडा तयार झाला, की 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. पण किती जण तो ताव उघडून पाहतात? ज्यांच्या चाळीवरून रस्त्याची रेघ गेलेली असते, त्यांनाच नकाशा वाचता येत नाही. मुदत निघून जाते आणि मग मोर्चा काढावा लागतो.

येथेच आम्हांस या छंदाची किंमत कळते. ज्या मुलाने स्वतः प्रमाणपट्टी ठरविली, समोच्चरेषा काढल्या, नदीला पूरक्षेत्र ठेवले, त्याला सरकारी नकाशाची भीती वाटत नाही. तो विचारतो, ही रेघ अशीच का? काळही अनुकूल आहे. 2004 साली सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या जगाच्या नकाशात कोणीही आपली गल्ली घालू शकतो. 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्र सरकारने भारतीयांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी बहुतांशी काढून टाकली. दोनशे वर्षे दप्तरात बांधून ठेवलेली विद्या आता हाताशी आली आहे.

म्हणून आमची आपणांस विनंती एवढीच आहे. घरातले मूल पडद्यावर परका मुलूख काढीत असेल तर त्याला हटकू नका. जवळ बसा आणि विचारा, बाबा, तुझ्या गावात पाणी कोठून येते? सुटीत एक दिवस त्याच्याबरोबर मुठेच्या काठाने चाला आणि लाल रेषा कोठून जाते ते दोघे मिळून शोधा. वॉर्डाचा आराखडा पुन्हा हरकतींसाठी लागेल तेव्हा त्याला कचेरीत बरोबर न्या. तो ताव वाचून दाखवील आणि अर्ज आपण लिहू.