विद्यापीठांच्या अंगणात उद्योगविचार

शिक्षण ही समाजाची गुंतवणूक की विद्यार्थ्याची? भारतीय उच्च शिक्षणात या प्रश्नाला धार आली ती एप्रिल २००० मध्ये. पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योगविषयक परिषदेने नेमलेल्या गटाने तेव्हा शिक्षण सुधारणांचा आराखडा सादर केला. मुकेश अंबानी व कुमार मंगलम बिर्ला यांनी तो तयार केल्यामुळे 'बिर्ला-अंबानी अहवाल' या नावाने तो ओळखला जातो.

सरकारने प्राथमिक शिक्षणावर भर द्यावा, उच्च शिक्षण खासगी क्षेत्राकडे सोपवावे, 'जो लाभ घेईल तो खर्च सोसेल' हे तत्त्व स्वीकारावे आणि ऐपत नसलेल्यांसाठी कर्जाची सोय करावी, असे या अहवालाचे सूत्र होते. खासगी विद्यापीठांसाठी त्याने सुचविलेली क्षेत्रे प्रामुख्याने विज्ञान-तंत्रज्ञान, व्यवस्थापन व वित्त ही होती. विद्यापीठांच्या आवारात राजकीय हालचालींना बंदी असावी, अशीही शिफारस त्यात होती.

महाराष्ट्राला यातील खासगीकरणाचा भाग नवा नव्हता. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले आणि पुढे देणग्यांना आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ मध्ये शिक्षणसंस्था चालविणे हा घटनेनुसार 'व्यवसाय' मानला. मात्र वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी चालणार नाही, अशी मर्यादाही घातली. छत्तीसगडमध्ये तर २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर न्यायालयाने २००५ मध्ये ती रद्द ठरविली.

त्यानंतर हा विचार सरकारी संस्थांतही शिरला. आयआयटीचे पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये ९० हजारांवरून दोन लाख रुपये झाले. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व अत्यल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांना त्यातून माफी देण्यात आली. इमारती व प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देणारी उच्च शिक्षण वित्त संस्था (हेफा) २०१७ मध्ये स्थापन झाली. उद्योगातील अनुभवी व्यक्तींना पीएच.डी. नसतानाही प्राध्यापक म्हणून नेमण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली.

उद्योगांशी संबंध आल्याने अभ्यासक्रम कालसुसंगत होतात, हे नाकारता येणार नाही. परंतु कर्ज फेडायचे तर संस्थेला उत्पन्न हवे आणि शुल्क हा त्याचा हुकमी मार्ग. अशा हिशेबात तत्त्वज्ञान, भाषा वा मूलभूत गणित यांचे विभाग तोट्याचे ठरतात. बाजारात ज्याला भाव नाही त्या ज्ञानाचा सांभाळ कोणी करायचा, याचे उत्तर ताळेबंदात सापडणारे नाही.