सूचीलेखन आणि शोधवाचन : एका विभक्तीचा इतिहास

ग्रंथाच्या अखेरीस जोडलेली सूची आधी सिद्ध होते व नंतर वाचकाच्या हाती पडते. सूचिकाराच्या कामाचा वाचकास उपसर्ग होत नाही. संगणकीय शोधयंत्रणेत मात्र ही दोन्ही कामे एकाच यंत्रसमूहावर, एकाच वेळी चालू लागली आणि त्यांच्यात स्पर्धा उत्पन्न झाली. मजकुरातील शब्द विलग करणे, त्यांचा क्रम लावणे व सूचीचे लहान खंड जुळवून मोठे खंड बनविणे, हे सूचीकरणाचे काम प्रोसेसर व डिस्क यांवर दीर्घकाळ भार टाकते. उलटपक्षी, शोधास तत्काळ उत्तर हवे असते व त्यासाठी सूचीचा नित्य लागणारा भाग स्मृतीत असावा लागतो. खंड जुळविण्याचे मोठे काम सुरू झाले की हा भाग स्मृतीतून बाहेर पडतो आणि उत्तरास विलंब होतो. या दोन कामांची फारकत हा अलीकडचा शोध होय, असा समज आढळतो. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्गेई ब्रिन व लॉरेन्स पेज यांनी 1998 मध्ये गूगलच्या रचनेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात किमान 2 कोटी 40 लक्ष पृष्ठांचा उल्लेख आहे. सूची करणारा, तिचा क्रम लावणारा व शोध घेणारा असे निरनिराळे प्रोग्रॅम त्यात दिसतात. 2003 मध्ये बारोसो, डीन व हॉल्झल यांनी याच संस्थेच्या 15,000 हून अधिक साध्या संगणकांच्या समूहाचे वर्णन केले. सूचीत बदल विरळाच होत असल्यामुळे, एखाद्या प्रतीकडे येणारे प्रश्न अन्यत्र वळवून तेवढ्या अवधीत तो बदल करता येई. तात्पर्य, विभक्ती ही आरंभीचीच अवस्था होती. तिचे मोल एवढेच, की नवा मजकूर शोधात उशिरा येई.

डग कटिंग यांनी 1999 मध्ये सिद्ध केलेल्या ल्युसीनने या विभक्तीस वेगळा आधार दिला. ल्युसीनमध्ये एकदा लिहिलेला खंड पुन्हा बदलत नाही. वगळलेल्या मजकुराची नोंद निराळी ठेवली जाते. यास्तव तयार खंड दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा उतरविता येतो. सीनेट या कंपनीत यॉनिक सीली यांनी 2004 मध्ये सुरू केलेल्या व 2006 मध्ये अपाची संस्थेकडे आलेल्या सोलरने याचाच उपयोग केला. एक मुख्य सर्व्हर सूची लिही व अनेक दुय्यम सर्व्हर ठराविक अंतराने तिची नक्कल घेत. तथापि मुख्य सर्व्हर बंद पडला की लेखन थांबे.

2010 च्या सुमारास वारे फिरले. गूगलने सर्व सूची नव्याने करण्याऐवजी ती क्रमाक्रमाने सुधारणारी पर्कोलेटर पद्धती स्वीकारली. त्यामुळे शोधफलांतील मजकुराचे सरासरी वय निम्म्याने घटले. त्याच वर्षी शाय बॅनन यांचे इलॅस्टिकसर्च अवतरले. नवा मजकूर साधारणतः एका सेकंदात शोधात यावा, ही त्याची प्रतिज्ञा. ती पाळण्यासाठी प्रत्येक मजकूर मूळ प्रतीकडे व तिच्या सर्व उपप्रतींकडे धाडला जाई आणि प्रत्येक प्रत त्याची सूची स्वतंत्रपणे करी. दोन उपप्रती असतील तर एकच काम तीनदा होई. वाचकांची संख्या वाढली म्हणून प्रती वाढवाव्यात, तर लेखनाचाही बोजा वाढे. जी प्रत वाचकांच्या सोयीसाठी, तिलाच लेखनिकाचे काम करावे लागे.

या विसंगतीतून दुसरी विभक्ती जन्मास आली. 2017 मध्ये सोलरच्या सातव्या आवृत्तीत केवळ तयार खंड ओढून घेणाऱ्या प्रतींची सोय झाली. 2021 मध्ये इलॅस्टिकसर्चपासून वेगळे झालेल्या ओपनसर्चने 2022 मध्ये खंडांची नक्कल करण्याची पद्धती प्रयोगादाखल आणली व 2023 मध्ये ती सर्वांच्या उपयोगासाठी खुली केली. 2022 मध्येच इलॅस्टिकने सूची दूरस्थ सामायिक भांडारात ठेवून लेखन व शोध यांचे यंत्रसंच निराळे करण्याची योजना जाहीर केली. अशा रचनेत सूचीची अधिकृत प्रत कोणत्याही एका यंत्राच्या मालकीची उरत नाही. त्यामुळे मुख्य सर्व्हरवरील जुने अवलंबित्वही शिथिल होते.

ही केवळ पूर्वस्थितीकडे परतण्याची क्रिया नव्हे. पहिल्या विभक्तीने ताजेपणाचा त्याग केला होता. दुसरी तो राखू पाहते. तरीही मोल चुकत नाही. मोठा खंड जुळविला गेला की तो संपूर्णपणे पुन्हा नेटवर्कवरून वाहावा लागतो, आणि लेखन व दर्शन यांत काही अंतर राहतेच. जेथे लेखन थोडे, तेथे ही व्यवस्था खर्चिकच ठरावी. जेथे लेखनाचा लोंढा अखंड असतो व वाचकही ताटकळत राहू शकत नाही, तेथे मात्र तिची आवश्यकता निर्विवाद आहे. विलंबाचा भार लेखकाने सोसावा की वाचकाने, या प्रश्नाला दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा हा इतिहास होय.