माहूरचा हिंवाळा आणि पायीं हिंडणारा कॅमेरा

नवरात्र उठलें, कोजागरी झाली, म्हणजे माहूरच्या डोंगरांत निराळाच प्रकाश पडूं लागतो. पावसाळाभर ढगांत बुडालेलीं रेणुका, दत्त आणि अनसूया यांचीं तीन शिखरें पुन्हां एकमेकांना दिसूं लागतात. खालीं पैनगंगेचा गढूळ लोंढा ओसरून पाणी निवळतें. सागाचें रान अजून पानांनीं भरलेलें असतें. आणि काळ्या जमिनींत कापसाची वेचणी सुरू होते. तेव्हांपासून मार्गशीर्षी पौर्णिमेच्या दत्तजयंतीपर्यंत आणि पुढें माघापर्यंत डोंगराच्या वाटा माणसांनीं वाहतात. यात्रेकरूंच्या मागोमाग हल्लीं कॅमेरा घेतलेला हौशी प्रवासीहि येतो. कोणी सायकलवर, कोणी पायीं. हवा सुखाची म्हणून आपण हा हंगाम निवडला, असें त्याला वाटतें. परंतु कॅमेऱ्यानें हिंवाळ्यांतच बाहेर पडावें, ही रीति दीडशें वर्षांची आहे. आणि त्या रीतीनें आपल्या मुलुखाचें कोणतें रूप जपलें व कोणतें गाळलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम सूर्याची गोष्ट. माहूर हें उत्तर अक्षांश २० च्या किंचित् दक्षिणेस आहे. तेथें मे महिन्याच्या उत्तरार्धांत भर दुपारीं सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि सांवली पायांखालीं लपते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य माध्यान्हींदेखील क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवरच राहतो. तिरप्या उन्हानें तटाचा प्रत्येक थर, बुरुजाची प्रत्येक खांच आणि नांगरटीचा प्रत्येक तास उठून दिसतो. पावसानें धूळ बसलेली असते, म्हणून दूरचें रानहि स्वच्छ दिसतें. चैत्र-वैशाखांतील धुरकट आकाशाखालीं तेंच दृश्य सपाट होऊन जातें.

दुसरी गोष्ट रसायनांची. १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानें ओल्या कांचेवर चित्र घेण्याची कृति प्रसिद्ध केली. कांचेवर कोलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरावयाचें, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच यंत्रांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत धुवावयाची, असें हें काम होतें. त्या द्रव्यांत ईथर असे व तें उष्णतेनें झपाट्यानें उडून जाई. उन्हाळ्यांत कांच हातांतल्या हातांत वाळे. पावसाळ्यांत बैलगाडी चिखलांत रुते. धुण्यास स्वच्छ पाणी लागे, तेंहि ओढ्यांत मिळे तें पावसाळा सरल्यावरच. तंबू, कांचा, औषधांच्या बाटल्या आणि जड तिपाई वाहून नेणाऱ्या छायाचित्रकाराला कार्तिक ते फाल्गुन एवढेंच काय तें वर्ष होतें.

सरकारी दौऱ्यांचाहि काळ तोच. पश्चिम हिंदुस्थानच्या पुराणवस्तु-पाहणीचे प्रमुख जेम्स बर्जेस यांनीं बेदर व औरंगाबाद या जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवर १८७८ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावरच तो १८७५-७६ या ‘तिसऱ्या हंगामाच्या’ कामाचें फळ असल्याचें नमूद आहे. काम हंगामानें मोजलें जाई, आणि हंगाम म्हणजे थंडीचा. आजच्या लातूर जिल्ह्यांतील खरोशाचीं लेणीं त्याच अहवालांत आलीं आहेत. पुढें हेन्री कझिन्स यांनीं निजामाच्या मुलुखांतील प्राचीन अवशेषांची यादी १९०० मध्यें छापली. ह्या लोकांचे उपकार विसरतां येणार नाहींत. आज पडलेल्या कित्येक भिंती त्यांच्या कागदांवर उभ्या आहेत. पण त्यांना पाहावयाचा होता तो दगड. त्या काळच्या चित्रांत खांबाशेजारीं एखादा माणूस उभा दिसतो, तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचें नांव चित्राखालीं नसतें. खांबाचें माप मात्र असतें.

माहूरच्या लिखित इतिहासाचीहि हीच तऱ्हा आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान यानें चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हां वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग पडले. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यांतहि माहूर हें सरकारचें ठिकाण होतें. सुभेदार, किल्लेदार, वेढे, तह हें सारें बखरींत व तवारिखांत सांपडतें. किल्ल्याखालच्या रानांत नांगर धरणारा आंध, गोंड वा कोलाम, तांड्यावरचा बंजारा, यात्रेची वाट झाडणारी बाई, यांचा उल्लेख क्वचितच. लेखणीनें जें गाळलें तेंच कॅमेऱ्यानेंहि प्रथम गाळलें.

ही तऱ्हा बदलण्यास दोन साधनें कारण झालीं. पहिलें साधन म्हणजे कोरड्या कांचा व गुंडाळीची फिल्म. जॉर्ज ईस्टमन याचा कोडॅक कॅमेरा १८८८ मध्यें निघाला आणि औषधांचा तंबू मागें राहिला. दुसरें साधन सायकल. या दोहोंची गांठ हिंदुस्थानांत कशी पडली याचें ठळक उदाहरण फॅनी व विल्यम वर्कमन हें अमेरिकन दांपत्य होय. १८९७ च्या सुमारास तें हिंदुस्थानांत आलें; थंडीच्या दिवसांत मैदानी मुलुखांत सायकलवरून हिंडावें आणि उन्हाळ्यांत हिमालय गांठावा, असा त्यांचा क्रम होता. मैदानांतील त्यांची मजल १४,००० मैलांची झाली आणि बरोबरच्या कॅमेऱ्यानें घेतलेल्या चित्रांसह तिचें वर्णन १९०४ मध्यें पुस्तकरूपानें निघालें. आपल्याकडेहि मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं जगाच्या प्रवासास सायकलवर निघाले, तेहि पावसाळा संपतांच. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले.

सायकलस्वाराला चारा लागत नाहीं, सरंजाम लागत नाहीं. तो वाटेंत कोठेंहि उतरूं शकतो, आणि तो उतरला कीं गांवचीं मुलें त्याच्याभोंवतीं जमतात. साहेबाचा मुक्काम पडला म्हणजे गांव दूर उभा राही. सायकलवाल्याला गांव पाणी विचारतो. एवढ्या फरकानेंच चित्रांत माणसें येऊं लागलीं. तथापि सायकलला सडक हवी. माहूरपासून किनवटापर्यंत सुमारें ५० किलोमीटरांचा जो डोंगराळ पट्टा आहे, त्यांतील पाडे व गुडे सडकेपासून दूर होते. तेथें पायींच जाणें भाग होतें.

त्या बाजूस पायीं गेलेल्या अभ्यासकांत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. व्हिएन्नाचे हे मानववंशशास्त्रज्ञ १९३९ मध्यें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हिंदुस्थानांत होते. जर्मन पारपत्रामुळें त्यांच्या हालचालीवर बंधन आलें. निजाम सरकारनें मात्र त्यांना हैदराबाद संस्थानांतील आदिवासींत राहून अभ्यास करण्यास मोकळीक दिली. १९४० मध्यें आदिलाबादच्या डोंगरांत कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखालीं गोंडांचा उठाव झाला व त्यांत भीम मारले गेले. राखीव जंगलाच्या सीमा वाढत गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी कागदावर दुसऱ्यांच्या झाल्या, हें त्या असंतोषाचें मूळ होतें. हैमेनडॉर्फ व त्यांच्या पत्नी बेटी यांनीं त्यानंतरच्या वर्षांत मारलवाई गांवीं गोंडांसारखी झोपडी बांधून मुक्काम केला. त्या वेळीं किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यांतच होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो नांदेडकडे आला. म्हणजे माहूरचें रान आणि मारलवाईचें रान हें त्या काळीं एकाच जिल्ह्याचें होतें.

गोंडांचें सणवर्षहि या ऋतूशींच बांधलेलें आहे. पिकें तयार होत आलीं म्हणजे दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे मुगुट घालून दंडारीचा नाच गांवोगांव फिरतो. पौषांत कुळांच्या दैवतांचीं पूजनें होतात आणि अमावास्येस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. हैमेनडॉर्फ यांच्या चित्रांत हें सारें आलें. त्याचबरोबर धान्याचीं खळीं, नांगर, घरांच्या ओसऱ्या आणि बाजाराची वाटहि आली. १९४८ मध्यें त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ निघाला. पण त्याहून महत्त्वाचें काम १९४५ मध्यें छापलेल्या त्यांच्या चार अहवालांचें होय. कोण कोणती जमीन कसतो आणि ती त्याच्या हातून कशी गेली, हें पायीं हिंडणाऱ्यालाच कळलें. आणि त्या माहितीच्या आधारें संस्थानानें गोंडांस व कोलामांस जमिनीचे पट्टे देण्याचें काम हातीं घेतलें.

या कामाशीं मराठी वाचकांच्या आदराचें एक नांव निगडित आहे. लातूर जिल्ह्यांतील निलंगा येथें १९१० मध्यें जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या मुलकी सेवेंत असतांना आदिलाबादच्या गोंडांत राहिले. शिवकालाचे व मोगल कागदपत्रांचे संशोधक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण त्याच पगडींनीं गोंडी भाषा शिकून घेतली, आणि गोंडांसंबंधीं त्यांचें इंग्रजी पुस्तक १९४९ मध्यें प्रसिद्ध झालें. फारसी दफ्तरांत रमणाऱ्या विद्वानाला डोंगरांतील बोली शिकावीशी वाटली, कारण ज्याचा अर्ज वाचावयाचा त्याची भाषा आली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

हैमेनडॉर्फ यांचीं हजारों चित्रें आज लंडन येथें, ते पुढें जेथें प्राध्यापक झाले त्या विद्यापीठ-संस्थेंत आहेत. बेटी १९८७ मध्यें वारल्या. त्यांची समाधि मारलवाईस आहे. चित्रें सात समुद्रांपलीकडे आणि समाधि डोंगरांत, असा हा विभाग झाला आहे. ज्यांचे आजे-पणजे त्या चित्रांत उभे आहेत, त्यांच्या घरीं मात्र त्यांची एक प्रतहि बहुधा नसते. चित्र घेणाऱ्याचें नांव राहतें, चित्रांतील माणसाचें राहत नाहीं, ही जुनी उणीव चांगल्या संग्रहांतूनहि पुरती गेलेली नाहीं.

आतां परिस्थिति पालटली आहे. यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. कांच वाळण्याची भीति नाहीं, सडका सर्वत्र झाल्या आहेत. मार्गशीर्षांत माहूरला सायकलवर जाणारा शहरी तरुण एका दिवसांत बर्जेस यांच्या साऱ्या हंगामाहून अधिक चित्रें घेऊं शकतो. त्यांतहि तट, शिखर आणि सूर्यास्त यांचाच भरणा झाला, तर दीडशें वर्षांपूर्वींची निवड त्यानें नकळत पुन्हां केली, असें म्हणावें लागेल. कापूस वेचणाऱ्या बाईचें चित्र घेण्यापूर्वीं तिची परवानगी घ्यावी. मागाहून तिचें नांव, गांव व तिथि टिपून ठेवावी. आणि पुढच्या खेपेस एक प्रत तिच्या हातीं द्यावी. याला पैसा फारसा लागत नाहीं. वाहनावरून खालीं उतरण्याइतका वेळ लागतो. किल्ल्याचा इतिहास लिहिण्यास बखरी आहेत. किल्ल्याखालच्या रानाचा इतिहास लिहिण्यास पुढच्या पिढीजवळ असल्याच चित्रांचा आधार राहील, आणि त्यांवर नांवें असतील तरच तो आधार उपयोगीं पडेल.