मांडीमागची कळ आणि तिची परीक्षा

मांडीच्या मागल्या बाजूस उठून महिनोन्‌महिने न हटणाऱ्या कळेचा विचार आपल्याकडे फार पुरातन आहे. गृध्रसीत, म्हणजे आजच्या सायटिकेत, पाय उचलून पुढे टाकण्याची क्रिया अडते असे सुश्रुताने सांगितले, तर ती वेदना नितंबापासून निघून मांडी, गुडघा, पोटरी करीत पावलापर्यंत उतरते हे चरकाने नोंदविले. आणि कित्येक शतकांनंतर, १८८१ साली, पॅरिसचे वैद्य लासेग यांच्या शिष्याने रुग्णास उताणे निजवून सरळ पाय वर उचलण्याची जी परीक्षा आपल्या प्रबंधात मांडली, तिचा रोखही याच वेदनेकडे होता.

तालमीत मात्र 'शीर आखडली' म्हटले की निदान आटोपे. वस्ताद तेल चोळीत, शेक देत, आणि पुष्कळदा गुणही येई. परंतु कळ मांडीतच उपजली की कमरेतून उतरली, हा प्रश्न अनुत्तरित राही.

तो सोडविण्याची शिस्त आली ती पोलिओमुळे. साथीत लुळे पडलेल्या मुलांसाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीची शाळा निघाली. एकेक स्नायू हाताने तपासून त्याच्या बळास शून्य ते पाच अशी प्रत लावणे हा या विद्येचा पाया; आणि पक्षाघाताच्या खाटेशेजारी रुजलेली ही चिकाटी पुढे खेळाडूंच्या कामी आली, हे मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. ही विद्या पुढे मराठवाड्यातही पोचली. तेथील निजामी अंमल संपून आठ वर्षे लोटल्यावर, १९५६ साली, औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडची 'घाटी', उभे राहिले; पुढे एमजीएमसारख्या संस्थेत फिजिओथेरपीचे शिक्षणही शहरातच मिळू लागले.

आज याच शहरात पुंडलिकनगरालगतच्या गारखेडा परिसरात विभागीय क्रीडा संकुल आहे, आणि तेथे पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्या तरुणास ही कळ गाठते तेव्हा तपासणारा त्याला टेबलाच्या कडेवर बसवतो, पाठ वाकवून हनुवटी छातीला टेकवायला लावतो आणि गुडघा हळूहळू सरळ करतो. कळ उठली की पाय तसाच ठेवून केवळ मान वर करावयास सांगतो. तेवढ्याने ती ओसरली तर मज्जातंतूचा संशय बळावतो. न ओसरली, आणि बैठकीच्या हाडावर बोट दाबताच किंवा टणक बाकावर बसताच नेमकी तीच वेदना जागी झाली, तर दोष बहुधा मांडीमागच्या स्नायूच्या मुळाशी असलेल्या कंडरेत असतो.

अशा कंडरेस ताण देत राहणे, हा आपल्या मैदानांवरील सर्वमान्य उपाय, मला अपायकारक वाटतो. पुढे वाकताना ती हाडावर दाबली जाते व अधिकच चिडते. संपूर्ण विश्रांतीही तिला दुबळी करते. म्हणून आरंभी पाय न हलविता जोर धरून ठेवणे, मग उताणे निजून कंबर उचलणे, मग क्रमाक्रमाने वजन वाढविणे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढली की नाही ते पाहूनच पुढची पायरी चढणे, असा हा क्रम चालतो. सपाटीवरचे मंद धावणे आधी, चढ आणि वेग सर्वांत शेवटी. यास तीन ते सहा महिने सहज लागतात, आणि भरतीची तारीख जाहीर झालेल्या मुलाला ही मुदत पटवून देणे हेच या उपचारातील सर्वांत अवघड काम होऊन बसते.