ओल्या दाताला फिलिंग चिकटलं कसं?

किडलेली दाढ भरताना डॉक्टर बऱ्याचदा एक निळं जेल लावतात, ते धुतात, वर पातळ बाँड फिरवतात आणि निळा लाइट मारतात. ते जेल म्हणजे चक्क फॉस्फोरिक ॲसिड! आज त्याचीच गोष्ट.

आजी-आजोबांच्या दाढेत 'चांदी' भरायचे. ती चिकटायची नाही, नुसती अडकून बसायची. म्हणून खड्डा आतून रुंद, तोंडाशी अरुंद कोरावा लागे. त्यात चांगला दातही जायचा.

1955 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी एक आयडिया उचलली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक ॲसिड लावत. त्यांनी 85 टक्के ॲसिड 30 सेकंद दाताच्या इनॅमलवर लावलं. पृष्ठभाग खरखरीत झाला आणि प्लास्टिकसारखं रेझिन त्यात रुतून बसलं.

पण इनॅमलखाली डेंटिन असतं, आणि खरा त्रास तिथेच. इनॅमल जवळपास 96 टक्के खनिज. डेंटिनमध्ये खनिज साधारण 70 टक्के, बाकी कोलॅजन आणि पाणी, शिवाय थेट नसेकडे जाणाऱ्या बारीक नळ्या. रेझिनला पाणी चालत नाही. आणि नसेजवळ ॲसिड लावायचं? टोकियोचे ताकाओ फुसायामा 1979 मध्ये म्हणाले, लावा. अमेरिकेत बरीच वर्षं विरोध झाला. मला तो मूर्खपणा वाटत नाही, भीती पेशंटच्या नसेची होती.

1982 मध्ये टोकियोतल्याच नोबुओ नाकाबायाशींनी आत काय घडतं ते दाखवलं. ॲसिडने खनिज गेलं की कोलॅजनची जाळी उरते. रेझिन तिच्यात शिरून घट्ट होतं. धड दात नाही, धड प्लास्टिक नाही, म्हणून नाव 'हायब्रिड लेयर'.

तरी बाँड कधी टिके, कधी नाही. कारण हवा मारून दात कोरडा केला, की ती जाळी पाण्याबाहेर काढलेल्या शेवाळासारखी चप्प बसते. मग रेझिन शिरणार कुठून? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कांका यांनी उलटं सांगितलं: दात ओलसरच ठेवा. ॲसिटोनमध्ये विरघळवलेला बाँड पाण्याला बाहेर काढतो आणि त्याची जागा घेतो. पण 'ओलसर' म्हणजे किती? ते डॉक्टरच्या हातावर. प्रत्येकाच्या हातून वेगळा रिझल्ट देणाऱ्या स्टेपला आम्ही सॉफ्टवेअरवाले बग म्हणतो!

आता एमडीपीसारखी रसायनं दातातल्या कॅल्शियमशी थेट जोडली जातात, त्यामुळे वेगळं ॲसिड दर वेळी लागत नाही. तरी एक शत्रू दातातच आहे. रेझिन न पोचलेलं कोलॅजन डेंटिनमधलीच एन्झाइम्स हळूहळू खातात. म्हणून काही डॉक्टर बाँडआधी क्लोरहेक्सिडीन लावतात. हो, काही माउथवॉशमध्ये असतं तेच!