सीमेपलीकडची भाषा

महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले. त्याच वर्षी 22 जूनला कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात जाँ लसाज यांचा लिबरल पक्ष निवडून आला. तेथील ‘शांत क्रांती’ने चर्चच्या हातचे शिक्षण 1964 साली मंत्रालयाच्या कक्षेत आणले, पुढे 1977 साली फ्रेंच भाषेची सनदही झाली. मात्र ‘फ्रेंच कॅनेडियन’ ही जुनी ओळख मागे पडून ‘क्वेबेकवासी’ ही पुढे आली आणि ओंटारिओतील फ्रेंच समाज बाहेरच राहिला. बऱ्हाणपूरकरांस हे निराळे सांगावयास नको. 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, मराठी ही एक राजभाषा होती. महाराष्ट्राचा 1964 चा राजभाषा अधिनियम लोधीपुऱ्यास लागू होणारा नव्हता. येथे मराठी पुस्तक आले ते वर्गणीदारांच्या पैशाने.