धार कुणाच्या वाट्याला

मानवतच्या काळ्या रानात दगडांना तोटा नाही, पण त्यातला एकही दाढीच्या वस्तऱ्याला कामाचा नाही. आमच्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. विळा-कोयता त्यावर पाजवता येतो. वस्तऱ्याचं गणित वेगळं आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मापात मोजतात. बेसाल्टमधली मुख्य खनिजं ६ च्या आसपास येतात, गारगोटी ७ वर आणि कुरुंद ९ वर. वस्तऱ्याचं पोलाद झिजवायला कठीण कण तर हवेतच, शिवाय ते इतके बारीक हवेत की धारेवर ओरखडा दिसता कामा नये. बेल्जियममधला आर्देनचा पिवळसर दगड त्याच्यातल्या गार्नेटच्या सूक्ष्म कणांमुळे जगभर नावाजला गेला. कुरुंद तर आपल्याच ओळखीचा; इंग्रजीतलं ‘कोरंडम’ हे नावही याच शब्दाच्या कुळातलं.

मी घरी वस्तऱ्याला धार लावतो. दगड ओला करायचा, वस्तरा आडवा ठेवायचा. पात्याची पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. पाठीच्या जाडीमुळेच कोन ठरतो, आपल्याला तो धरावा लागत नाही. मग धार पुढे ठेवून हलक्या हाताने पातं सरकवायचं आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटायचं. जोर दिला की काम बिघडतं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून फिरवायचं. पट्ट्यावर धार पुढे केली तर चामडं कापलं जातं.

आज हा छंद आहे. ऑनलाइन दगड मागवता येतात, व्हिडिओ बघून शिकता येतं. पण महाराष्ट्रात घरच्या घरी केस कापणं आणि दाढी करणं ही कित्येक कुटुंबांवर लादलेली गोष्ट होती.

गावगाड्यात धार न्हाव्याची. बारा बलुतेदारांपैकी तो एक. वस्तरा, कात्री, दगड, पट्टा सगळं त्याच्या धोकटीत, आणि मोबदला सुगीला धान्यात. हत्यार त्याचं असलं तरी ते कुणाच्या गालाला लागायचं, हे गाव ठरवायचं. गावाच्या धान्यावर पोट असलेल्या माणसाला गावाचा नियम मोडणं सोपं नव्हतं. त्या नियमानुसार अस्पृश्य ठरवलेल्यांना वस्तरा लागत नसे.

बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्यातलं बालपण सांगितलं आहे. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते. तरी भावंडांचे केस थोरल्या बहिणीने कापायचे, कारण कुणी न्हावी तयार होत नसे. करून करून ती या कामात तरबेज झाली, असं ते लिहितात. तिचं हे कौशल्य नकारातून आलेलं होतं.

याच वस्तऱ्याने एकदा उलटा नकारही दिला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. इथे वस्तरा न उचलणं हीच माणुसकी होती. म्हणजे हत्यार तेच, नकारही तोच. तो कुणाविरुद्ध आहे यावर त्याची किंमत ठरते.

आमचं मानवत तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. १९५० मध्ये संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तिचं पालन हा गुन्हा ठरवला. या कायद्यात ‘दुकान’ या शब्दाची व्याख्या वाचा. तिच्यात केस कापण्याच्या सलूनचं नाव मुद्दाम घातलेलं आहे. देशाच्या कायद्याला सलूनचा उल्लेख करावा लागला, यावरून दुखणं किती खोल होतं ते कळतं.

दगड मात्र कायद्याने हटला नाही, तो स्वस्त पात्याने हटवला. १९०३ मध्ये जिलेटचा रेझर अमेरिकेत बाजारात आला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे ब्लेड घरोघरी पोचलं. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली, त्यानंतर रक्ताची भीती पसरली आणि सलूनमध्येही गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड आलं. आता वस्तऱ्याच्या मुठीत अर्धं ब्लेड अडकवतात आणि दाढी झाली की फेकून देतात. धार लावायची गरज उरली नाही.

म्हणून ‘जुनी कला हरवली’ अशी हळहळ मला पूर्ण पटत नाही. हात शांत ठेवणं, दगड ओळखणं, घाई न करणं, हे शिकण्यासारखं आहेच. मी ते आवडीने शिकलो, आणि कंटाळा आला तर उद्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसू शकतो. साताऱ्यातल्या त्या बहिणीपुढे ही सोय नव्हती. छंद आणि सक्ती यांतलं अंतर एवढंच आहे, आणि ते पार करायला आपल्या समाजाला कायदा करावा लागला.